आधी हाक, मग हत्यार

श्रावणबाळाची कथा ज्या घरात कधी सांगितली गेली नाही असे मराठी घर, ते पुण्यात असो की आमच्या ग्वाल्हेरीत, विरळाच. आंधळे मायबाप, खांद्यावरची कावड, तहान, नदीकाठ आणि भरणाऱ्या भांड्याचा बुडबुड आवाज हे सारे आपण आजीच्या मांडीवर ऐकलेले असते. ही कथा आपण मातृपितृभक्तीचा धडा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तीस वर्षे मुलांना शिकविल्यानंतर अलीकडे आमचे लक्ष श्रावणापेक्षा दशरथाकडेच अधिक वेधले जाऊ लागले आहे.

वाल्मीकींच्या रामायणात त्या तपस्वी कुमाराचे नाव येत नाही. श्रावण हे नाव त्याला परंपरेने दिले. दशरथाची विद्या मात्र मूळ कथेतच स्पष्ट सांगितलेली आहे. तो शब्दवेधी होता, म्हणजे लक्ष्य न पाहता केवळ ध्वनीवरून अचूक बाण मारणारा. पावसाळ्याच्या दिवसांत, शरयूच्या तीरी, काळोखात त्याने घागर भरण्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पीत आहे असा समज करून घेतला आणि बाण सोडला. पुढचे आपण जाणतोच. राम वनात गेल्यावर, अखेरच्या रात्री, कौसल्येपाशी त्याने ही जुनी हकीकत उघड केली आणि प्राण सोडला.

चंबळेच्या खोऱ्यातील आमच्या शासकीय शाळेत हा प्रसंग शिकवीत असताना नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, राजाला मारायचे नव्हते, मग शाप कशाला?" या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी खुंटीला बंदूक असते, तेव्हा प्रश्न पुस्तकी नव्हता. आम्ही त्यास सांगितले की, राजाला मारायचे होतेच. कोणाला, एवढे मात्र त्याने पाहिले नव्हते. बाण चुकला नाही, ओळख चुकली. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून कोणीसे म्हणाले, "सर, आवाज द्यायला हवा होता." आवाज देणे म्हणजे हाक मारणे. आज सुज्ञ वाचकांपुढे आम्हांस जे मांडावयाचे आहे ते त्या मुलाने मोजक्या शब्दांत सांगून टाकले होते.

महाराष्ट्रातील आप्तेष्ट आमच्याकडे प्रथमच येतात तेव्हा त्यांना किल्ला आणि तानसेनाची समाधी यांपेक्षा बंदुकांचेच अप्रूप अधिक वाटते. खांद्यावर दुनाळी अडकवून मोटारसायकलीवरून भाजी आणावयास निघालेला गृहस्थ पाहून आमचे एक मामा स्तंभित झाले होते. आमच्या प्रांती बंदूक ही केवळ संरक्षणाची वस्तू नव्हे. ती प्रतिष्ठेची, वरातीची आणि हुंड्याच्या बोलण्यातीलही वस्तू होऊन बसली. तिची ओढ किती असावी? २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात, नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषास बंदुकीचा परवाना लवकर मिळेल असे प्रलोभन प्रशासनाने दाखविले होते, आणि पुरुष पुढे आलेही होते. लग्नाच्या आनंदात हवेत गोळ्या झाडण्याने इतके जीव गेले की, २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात अशा गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा घालावी लागली. त्याच दुरुस्तीने एका माणसास ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

या ओढीमागे नुसती हौस होती असे मात्र म्हणता येणार नाही. चंबळेच्या दऱ्याखोऱ्यांतील बागी हे त्या काळी कथेतील पात्र नव्हते. डाकू हा शब्द शहरातला. खेड्यातील माणूस त्यांना बागीच म्हणे. १९६० साली आपले विनोबा पायी चालत भिंड-मुरैन्यात आले आणि काही बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्याला जयप्रकाशजींच्या उपस्थितीत मोठे आत्मसमर्पण झाले. फूलनदेवीने १९८३ च्या फेब्रुवारीत भिंडला मुख्यमंत्री अर्जुनसिंहांसमोर शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्या दिवशी सगळ्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. या कालखंडात दूरच्या तहसिलीत सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने घरात बंदूक ठेवली, तर त्यास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडे नाना म्हणत असू, ते महसूल खात्यात नायब तहसीलदार होते. भिंड, सबलगड अशा ठिकाणी त्यांची नोकरी झाली. १९६६ साली त्यांनी परवाना काढून बारा बोअरची दुनाळी घेतली. आमच्या पूर्वजांनी शिंद्यांबरोबर येथे येऊन लेखणीच चालविली होती; घरातील एकमेव तलवार दसऱ्यास पुसून पुन्हा ट्रंकेत जाई. आता तिच्या शेजारी बंदूक आली. पाटावर दोन्ही मांडून आई हळदकुंकू वाही, आपट्याची पाने ठेवी आणि म्हणे, "पूजेपुरतीच राहू दे रे देवा." नाना हसत, पण त्यांच्या मनातही तेच असावे.

नाना मितभाषी होते. तथापि बंदुकीविषयी त्यांचे काही दंडक होते आणि ते त्यांनी आम्हा भावंडांस पाढ्यांप्रमाणे पाठ करविले होते. रात्री आवाज आला की, पहिली गोष्ट मोजणी. घरात आज कोण कोण आहे, कोण कोठे निजले आहे, कोण उठून परसात गेले असण्याचा संभव आहे, हे अंथरुणावरच मोजावयाचे. दुसरी गोष्ट हाक. मोठ्याने, स्पष्ट आणि दोनदा: एकदा मराठीत "कोण आहे?" आणि एकदा हिंदीत "कौन है?" मराठी आधी का, असे आम्ही विचारले असता ते म्हणाले, "घरचा असेल तर मराठीत उत्तर देईल. मग पुढचे काही करायलाच नको." तिसरी गोष्ट उजेड. बॅटरी उशाशी, बंदूक कपाटात. हात आधी बॅटरीवर पडला पाहिजे. या तिन्ही गोष्टी झाल्यावर समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे आणि तो काय करू पाहतो आहे हे डोळ्यांनी दिसले, तरच चौथी गोष्ट. चौथ्या गोष्टीचे नावदेखील ते घेत नसत.

आमचे एक शेजारी, स्वतः मोठे शिकारी, या क्रमाची थट्टा करीत. "नानासाहेब, हाक मारली की चोर सावध होतो." नानांचे उत्तर ठरलेले होते: "सावध होऊन पळाला तर आपले काम झालेच की!"

हा क्रम एकदा कसास लागला. १९८१ च्या पौषातील गोष्ट. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती रात्र वर्णन करून सांगावयास नको. दोन वाजण्याच्या सुमारास परसदाराची कडी वाजली. नंतर भिंतीवरून कोणी उतरल्याचा धप्प आवाज आला. त्या वर्षी दरोड्यांच्या वार्ता रोजच्या होत्या. नाना उठले. आईने आम्हा मुलांना माजघरात ओढून दार लावून घेतले. आतून आम्ही ऐकत होतो. नानांची हाक आली, "कोण आहे?" उत्तर नाही. पुन्हा, आवाज चढवून. आणि मग परसातून कुडकुडत आलेला तो स्वर: "अरे दादा, मी आहे, मी!" आमचे धाकटे काका झाशीहून उशिराच्या गाडीने आले होते. सगळ्या घराची झोपमोड नको म्हणून समोरचा दरवाजा न ठोठावता मागल्या भिंतीवरून उतरले होते. पहिल्या हाकेस उत्तर का दिले नाही, तर कानांवर मफलर घट्ट गुंडाळला होता. त्या रात्री चहा झाला, हसणे झाले. परंतु सर्व निजल्यावर नाना ओसरीवर एकटेच बसून होते आणि त्यांचे हात कापत होते, हे आईने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागल्या दारास घंटा लावून घेतली.

घराच्या रक्षणाचा विचार करताना आपण एक गोष्ट विसरतो. बँकेत वा दुकानात मध्यरात्री कोणी हालचाल करील तर तो बहुधा परकाच. घराचे तसे नाही. घरात रात्रीबेरात्री दार ढकलणारा, अंधारात चाचपडणारा, स्वयंपाकघरात भांडे पाडणारा मनुष्य बहुधा घरचाच असतो. पाणी प्यावयास उठलेली सून, परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, न कळविता आलेला पाहुणा, दार चुकलेला शेजारी. म्हणून ‘कोण?’ हा प्रश्न घराच्या रक्षणात सर्वांत आधी येतो. तो विचारण्यात दुबळेपणा नाही. रक्षणाची सुरुवातच तेथून होते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ९६ ते १०६ यांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. हा हक्क मोठा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याचा प्राण जाईपर्यंतही तो पोहोचू शकतो. परंतु त्यास मर्यादा आहेत. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी मदत मिळविण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. भिंतीवरून पळत सुटलेल्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याची मुभा कोणत्याही कलमात नाही.

त्याच कायद्यात एक उदाहरण दिले आहे. ज्या घरात जाण्याचा आपणांस हक्क आहे अशा घरात एक मनुष्य रात्री शिरतो. दुसरा त्यास सद्भावपूर्वक घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो. हल्ला करणाऱ्याचा अपराध होत नाही; पण ज्याच्यावर हल्ला झाला त्यासही स्वतःच्या बचावाचा तितकाच हक्क आहे. म्हणजे एकाच घरातील दोन निरपराध माणसे, दोघेही कायद्याने निर्दोष, आणि दोघेही एकमेकांच्या जिवावर उठलेली! आमचे काका आणि नाना हेच ते दोघे होऊ शकले असते, या विचाराने ते उदाहरण वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

आणि सद्भाव म्हणजे काय? मनात पाप नसणे एवढेच कायद्यास पुरत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे मानले जात नाही. ही काळजी कोणती, हे न्यायालये प्रसंग पाहून ठरवितात. १९५२ सालच्या नागपूर उच्च न्यायालयाच्या एका निकालात, आजारपणातील भ्रमाच्या भरात एका माणसाने वाघ समजून कुऱ्हाड चालविली आणि समोर त्याचा स्वतःचा मुलगा होता; न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. ओडिशाच्या उच्च न्यायालयाचा, १९६० च्या निकालसंग्रहात छापलेला, असाच एक निर्णय आहे. ओसाड विमानतळावर मध्यरात्री हलणारा उजेड पाहून एका नोकराने भुते समजून खुकरी चालविली. तेथे कंदील घेऊन मोहाची फुले वेचणाऱ्या आदिवासी स्त्रिया होत्या. एक दगावली, इतर जखमी झाल्या. तोही सुटला. न्यायालयांनी दया दाखविली, ती योग्यच असेल. पण मुलाला कुऱ्हाड घालणारा तो बाप निर्दोष सुटून घरी कोणाकडे गेला असेल?

परदेशांतील दोन घटना येथे सांगितल्याच पाहिजेत, कारण दोन्हींत नानांच्या क्रमातील एकेक पायरी गळालेली दिसते. दक्षिण आफ्रिकेचा विख्यात धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे प्रिटोरिया येथील आपल्या घरी शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. ती मरण पावली. आत चोर शिरला आहे आणि ती शेजारी पलंगावरच आहे असे आपणांस वाटले, असे त्याने न्यायालयात सांगितले. हे खरे मानले, तरी शेजारच्या अंथरुणावर एक हात फिरविला असता तर? २०१४ साली खालच्या न्यायालयाने त्यास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले. डिसेंबर २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो खूनच ठरविला. दारामागे कोण आहे याने फरक पडत नाही, जो कोणी असेल तो मरेल हे त्यास कळत होते, असा त्या निकालाचा आशय. २०१७ साली शिक्षा १३ वर्षे ५ महिन्यांपर्यंत वाढली. ओळख न पटविता दारातून गोळी झाडणारा मनुष्य ‘मला वाटले चोर आहे’ एवढे म्हणून सुटत नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरातील, १७ ऑक्टोबर १९९२ ची. शिक्षणासाठी तेथे आलेला सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या मेजवानीस म्हणून वेष करून निघाला आणि चुकून दुसऱ्याच घरी गेला. घरातील स्त्री घाबरली. तिने पतीस बंदूक आणावयास सांगितले. पतीने इंग्रजीत दरडावून थांब म्हटले. तो शब्द, असे मानले जाते, त्या परदेशी मुलास कळला नाही. हसतमुखाने तो पुढे आला आणि गोळी लागून मेला. १९९३ साली फौजदारी न्यायालयाने घरमालकास सोडले. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. मुलाच्या आईवडिलांनी सूडाची भाषा केली नाही. अमेरिकेतील घरोघरच्या बंदुकांविरुद्ध त्यांनी जपानात सुमारे १७ लाख सह्या गोळा केल्या आणि त्या अध्यक्ष क्लिंटन यांच्यापर्यंत पोहोचविल्या. या प्रसंगी हाक मारली गेली होती. पण ती आज्ञा होती, प्रश्न नव्हता. नानांच्या दोन भाषांतील हाकेचे मोल आम्हांस ही घटना वाचल्यावर अधिकच कळले. जो परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्यास हे उपजतच ठाऊक असते की, समोरच्यास आपली भाषा कळेलच असे नाही.

आता थोडे व्यवहाराचे. कारण ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे असे अनेक वाचक माळव्यात, बेळगावच्या सीमाभागात, शेतावरच्या एकट्या घरांत राहतात.

पहिली गोष्ट डोळ्यांची. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. अंधारात रंग दिसत नाहीत. शिवाय डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग मंद प्रकाशात जवळजवळ आंधळा असतो, कारण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी तेथे नसतात. म्हणून अंधारातील वस्तूकडे टक लावून पाहिले असता ती नाहीशी होते, बाजूने पाहिले असता पुन्हा भासते. त्यात भीतीची भर. छाती धडधडते, हात थरथरतात, दृष्टी एका बिंदूवर आवळली जाते आणि मनाने जे ठरविले तेच डोळ्यास दिसू लागते. दोरीचा साप होतो तो असा. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या साक्षीवर आपण घराचा उतारा देणार नाही. मग त्याच्या अंदाजावर प्राण कसा घ्यावयाचा?

दुसरी गोष्ट बंदुकीची. नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. तिचे छर्रे सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर वेगाने निघतात. ‘कोण आहे?’ म्हणावयास जो सेकंद लागतो तेवढ्यात ते गल्लीच्या टोकाबाहेर गेलेले असतात. खोलीच्या अंतरात ते वीतभरही पांगत नाहीत, आणि लाकडी दार किंवा पातळ आडोसा त्यांना अडवीत नाही. लक्ष्यामागे काय आहे, तेथे कोणाचे अंथरूण आहे, हेही पाहावे लागते ते यासाठी. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या चार नियमांत हेच आहे: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जे नष्ट करावयाचे नाही त्यावर नळी रोखू नये, नेम निश्चित होईपर्यंत बोट घोड्याबाहेर ठेवावे, आणि लक्ष्य कोण व त्याच्या मागे काय, याची खात्री करावी.

तिसरी गोष्ट क्रमाची. बॅटरी बंदुकीस जोडलेली नसावी. नाहीतर ज्याच्यावर उजेड पडतो त्याच्यावर नळीही रोखली जाते. प्रकाशझोत छतावर वा भिंतीवर टाकला तरी खोली पुरेशी उजळते. त्याहून उत्तम म्हणजे बटण दाबून दिवा लावणे. आपण चोरास शोधत फिरू नये. घरच्या सर्वांनी एका ठरलेल्या खोलीत जमावे, मोजणी करावी, दार लावावे, ११२ हा क्रमांक फिरवावा आणि ‘पोलीस निघाले आहेत’ असे मोठ्याने सांगावे. कपाटातील पैसा गेला तर जाऊ द्यावा. तो पुन्हा मिळविता येतो. हे सर्व दिवसाउजेडी एकदा घरच्यांना, मोलकरणीस आणि आल्यागेल्या पाहुण्यासही सांगून ठेवावे. ‘रात्री आलात तर घंटा वाजवा’ असे पाहुण्यास सांगण्यात कसला संकोच?

हे सर्व लिहिण्याचे कारण केवळ उपदेशाची हौस नव्हे, जरी मुख्याध्यापकास ती असते असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. दोन वर्षांपूर्वी नाना वारले. नियमाप्रमाणे त्यांची बंदूक आम्ही परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. वारसास अर्ज करून ती स्वतःच्या नावे घेता येते. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला असतात. त्यांचा आग्रह आहे की आम्ही अर्ज करावा. "बाबा, मागच्या गल्लीत वर्षात दोन घरफोड्या झाल्या. तुम्ही दोघं आणि आजी, घरात तिघंच. मला तिकडे झोप लागत नाही," असे ते दूरध्वनीवर सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. घर मोठे, वाड्याची मागची भिंत जुनी, आणि आम्हीही निवृत्तीस आलेलो.

पण आमच्या घरी आता आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. दिवसा ती शांत असते. रात्री मात्र उठते, भिंत धरून चालत ओसरीवर येते, कड्या काढते. तिला उज्जैनला, माहेरी जावयाचे असते. ते घर विकून चाळीस वर्षे झाली. कधी ती न्हाणीघरात अंधारात उभी असते, कधी परसात. आम्ही हाक मारतो, "कोण आहे?" ती उत्तर देत नाही. आपण कोण, हे तिला त्या वेळी ठाऊक नसते. गेल्या आश्विनात एका रात्री आमच्या हाकेवर अंधारातून तिने तोच प्रश्न आम्हांस परत विचारला, "कोण आहे?" आम्ही म्हणालो, "आई, मी तुझा थोरला." ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग दिवा लाव ना बाळ."

नानांचा सारा क्रम एका गृहीतावर उभा होता: घरचा असेल तर उत्तर देईल. आमच्या घरात आज एक माणूस असे आहे की, जे घरचे असून उत्तर देऊ शकत नाही. ज्या घरात ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर खात्रीने मिळत नाही, त्या घरात भरलेली बंदूक ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही, मग कायद्याने तो कितीही दिला तरी. दुसऱ्या घराची स्थिती वेगळी असेल. शेतावर एकट्याने राहणाऱ्या गृहस्थास आम्ही कोण शहाणपण शिकविणार? प्रत्येकाने आपल्या घरची मोजणी स्वतः करावी. लहान मूल, बहिरे आजोबा, झोपेत चालणारी मुलगी, रात्री उशिरा परतणारा तरुण, मनाने खचलेला भाऊ, यांपैकी कोणी त्या मोजणीत निघाले तर कपाटाच्या किल्लीचा विचार पुन्हा करावा.

चिरंजीवांस आम्ही सविस्तर पत्र लिहिले. दूरध्वनीवर अशा गोष्टी नीट बोलता येत नाहीत. अर्ज करणार नाही, बंदूक रीतसर परवानगीने विकून टाकू, असे कळविले आणि कारण सांगितले. आठवडाभर त्यांचे काही उत्तर आले नाही. मग एके दिवशी एक खोके आले. त्यात हालचाल होताच आपोआप लागणारे चार दिवे होते आणि मागल्या दारासाठी नवी कडी. सोबत चिठ्ठी होती, "आजीच्या वाटेवर लावा." आम्ही त्याप्रमाणे ते लावले आहेत. मागली भिंत दुरुस्त करविली, कडी बसविली, नानांच्या घंटेस तेल दिले. शेजारच्या दोन घरांशी ठरवून ठेवले आहे की, घंटा सलग वाजली तर तिन्ही घरांनी दिवे लावावयाचे.

आता रात्री आई उठते तेव्हा तिच्या पुढे पुढे दिवे लागत जातात. ओसरी, मग न्हाणीघर, मग परस. आम्ही अंथरुणावरूनच पाहतो, तिला ओळखतो आणि उठून तिचा हात धरावयास जातो. विजेचे बिल थोडे वाढले आहे. ते आम्ही तक्रार न करता भरतो.